बारव बांधणारे हात

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. तेथील बारव पाहायला आता लांबून लोक येतात, कारण ती नेहमीच्या बारवांसारखी चौकोनी नाही. तिच्या पायऱ्या शंखाच्या वळणाप्रमाणे फिरत फिरत पाण्याकडे उतरतात. कित्येक वर्षे ती गाळाने आणि केरकचऱ्याने बुजलेली होती. अलीकडच्या काळात गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन ती उपसली आणि पायऱ्या मोकळ्या झाल्या. पिंगळीला आणि जिंतूर तालुक्यातील चारठाण्यालाही जुन्या बारवा आहेत. दरवर्षी सहल वेरूळला नेणाऱ्या शिक्षकांना या जवळच्या जागा पुष्कळदा ठाऊक नसतात, हे जाता जाता सांगून टाकतो.

बारव पाहिली की 'केवढे हे कसब!' असा उद्गार आपोआप निघतो. आम्हाला मात्र तेथे उभे राहिल्यावर एक रुक्ष प्रश्न पडतो. यातला एक दगड उद्या निसटला, तर तो परत तसाच बसवणारा माणूस या जिल्ह्यात कोण आहे? हा प्रश्न केवळ जुन्या दगडांचा नाही. चंद्रावर आणि मंगळावर माणसांच्या वसाहती उभारण्याची चर्चा आज गंभीरपणे चालू आहे, आणि तेथेही शेवटी हाच प्रश्न येऊन ठेपतो. एखादी गोष्ट बांधता येणे वेगळे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवता येणे वेगळे.

बारवेत नेमके कोणते ज्ञान ओतलेले असते, ते आधी पाहू. मराठवाड्याची जमीन लाव्हारसाच्या थरांची आहे. अखंड काळ्या कातळात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते साठते दोन थरांमधल्या झिजलेल्या, सच्छिद्र भागात, मुरमात आणि कातळाच्या भेगांत. म्हणून पहिली परीक्षा जागा निवडण्याची. दुसरी परीक्षा दगडाची. टाकीने घडवलेले दगड एकमेकांत असे बसवायचे की चुना लागू नये. हे केवळ दिखाऊ कौशल्य नव्हे. भिंतीमागे पाणी तुंबले तर त्याचा दाब भिंतीला आत ढकलतो. सांधे मोकळे असले म्हणजे पाणी झिरपून आत येते, दाब वाढत नाही आणि विहीरही भरते. तिसरी गोष्ट पायऱ्यांची. पावसाळ्यात पाणी वर असते, वैशाखात तळाला जाते, पण माणूस कोणत्याही ऋतूत घागर घेऊन पाण्यापर्यंत पोचतो. शिवाय पायरीपायरीने आत जाणारी बाजू सरळ उभ्या बाजूपेक्षा सहसा ढासळत नाही. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील दाबाचा धडा शिकवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

हे ज्ञान ग्रंथांत नव्हते असे नाही. शिल्पशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांत बारवांचे प्रकार दिले आहेत. एका बाजूने प्रवेश असलेली ती नंदा, दोन बाजूंनी ती भद्रा, तीन बाजूंनी ती जया आणि चारही बाजूंनी ती विजया. पण दगडावर हातोडा मारून त्याच्या नादावरून आतली चीर कशी ओळखायची, टाकी किती तिरपी धरायची, दोन दगडांच्या मध्ये नखाइतकी जागा कोठे ठेवायची, हे पोथीत लिहून भागत नाही. ते बापाने मुलाला हाताला हात लावूनच शिकवावे लागते.

या बांधणीला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. ही शैली त्याच्याही आधीपासून चालत आलेली होती, पण नाव त्याचे पडले. त्याच्या नावावर असलेला 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड ग्रंथ व्रते, दाने, श्राद्ध अशा विषयांचा आहे. ज्यांनी खरोखर दगड घडवले त्या पाथरवटांची नावे बहुतेक ठिकाणी कोठेही नाहीत. लिहिणारा दगड फोडत नव्हता आणि दगड फोडणाऱ्याला लिहिण्याची मुभा नव्हती. आमच्या मते आपल्या इतिहासातील अनेक कसबे नाहीशी होण्याचे मूळ येथे आहे.

गावगाड्याच्या बलुतेदारीकडे या दृष्टीने पाहिले तर तिचे दोन चेहरे दिसतात. सुतार, लोहार, कुंभार, चांभार अशी गावाला लागणारी कसबे गावातच राहतील आणि त्यांची शिदोरी धान्याच्या रूपाने दरवर्षी पोचेल, अशी ती व्यवस्था होती. कसब टिकवण्याची किंमत सगळ्या गावाने मिळून द्यायची, ही कल्पना लहान नव्हती. पण तेच कसब जातीच्या कुंपणात कोंडलेले होते. लोहाराच्या घरात कोणी उरले नाही, किंवा मुलगा शहरात गिरणीत गेला, तर दुसऱ्या घरातील हुशार मुलगा त्या भात्यावर बसू शकत नसे. मुलीचा तर विचारच नको. आणि ज्या हातांवर गाव चालत असे त्यांचीच सावली गावाला नकोशी होती. एकेका धाग्यावर लोंबकळणारे असे ज्ञान धागा तुटला की खाली पडते.

तरीही बारवा बांधण्याची विद्या यादवांबरोबर संपली नाही. अठराव्या शतकात, अहिल्याबाई होळकरांच्या काळातही, बारवा आणि घाट बांधले जात होते. बारवा खऱ्या अर्थाने ओस पडल्या त्या विसाव्या शतकात. त्याचे एक कारण अगदी योग्य होते, आणि बारवांचे गुणगान करताना ते लपवू नये. ते कारण म्हणजे नारू. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाण्यात पाय बुडवतो. नारूच्या जखमेतून जंताची पिल्ले पाण्यात उतरतात, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या पोटात जातात आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या शरीरात शिरतात. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा रोग होता. त्याच्या निर्मूलनासाठी १९८० च्या दशकात देशव्यापी मोहीम झाली, पायऱ्यांच्या विहिरी बंद करण्यात आल्या, त्यांच्या जागी हापसे बसवण्यात आले. भारतातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

मग कोणी म्हणेल की जुनी विद्या गेली तर बिघडले काय? हा आक्षेप रास्त आहे. पूर्णा जंक्शनचेच उदाहरण घ्या. एकेकाळी तेथे मीटरगेजवरची वाफेची इंजिने दुरुस्त करणारे पट्टीचे फिटर होते. १९९० च्या दशकात मनमाड ते मुदखेड हा मार्ग रुंद झाला, डिझेलची इंजिने आली, आणि बॉयलरच्या नळ्या ठोकून बसवण्याचे ते कसब निरुपयोगी झाले. त्याबद्दल हळहळ वाटते, पण गाड्या अडल्या नाहीत, कारण नवे काम जाणणारे लोक आधी तयार केले गेले आणि मगच जुने बंद झाले. धोका तेथे असतो, जेथे गरज तशीच राहते, यंत्र नवे येते आणि त्याला सांभाळणारा कोणीच नसतो.

हापशांची कथा हीच आहे, आणि ती आपल्या शेजारच्या जालन्यात घडली म्हणून आम्ही ती सविस्तर सांगतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनी कठीण कातळात बोअर मारण्याचे तंत्र भारतात पसरू लागले. युनिसेफने यंत्रे पुरवली, पुढे १९७२ चा दुष्काळ पडला, गावोगाव बोअर झाले. त्यांवर बसवलेले बिडाचे हापसे मुळात युरोप-अमेरिकेतील एखाद्या शेतावरच्या एका कुटुंबासाठी आखलेले होते. आपल्याकडे त्याच हापशावर पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसांची रांग. दांड्याच्या खिळी झिजत, बीड तडकत असे, वायसर फाटत. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत चारांपैकी सुमारे तीन हापसे बंद आढळले. एवढा पैसा, एवढी यंत्रे, आणि पाणी जमिनीखाली असूनही बाया पुन्हा नदीच्या झिऱ्यावर!

जालन्यात पाण्याचे काम करणाऱ्या चर्चच्या मिशनमधील मंडळींनी हे रोज डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी अनेक खिळींऐवजी एकाच खिळीवर फिरणारा पोलादी दांडा केला. तो जालना पंप. सोलापूरला याच धर्तीवर आणखी सुधारणा झाली. दांड्याच्या टोकाला चाकाच्या तुकड्यासारखी कमान बसवली आणि त्यावरून साखळी सोडली. दांड्याचे टोक वर्तुळाच्या कमानीत फिरते, पण त्याला जोडलेली सळई बोअरमध्ये सरळ उभी चालायला हवी. साधी खीळ असेल तर सळई कडेला ओढली जाते आणि झिजते. साखळी कमानीवर गुंडाळली जाते, त्यामुळे सळई कायम ओळंब्यात राहते. फिरण्याच्या जागी बंद बेअरिंगे बसवली, म्हणजे धूळ आत जाणार नाही. शिक्षकांनी येथे विद्यार्थ्यांना एक कोडे घालावे. साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. मग सळई खाली जाते कशी? ती स्वतःच्या वजनाने जाते. म्हणूनच बोअर उथळ असेल आणि सळया थोड्या असतील, तर साखळी घडी पडून ढिली पडते.

या सोलापूरच्या पंपावरूनच युनिसेफ, सरकारी अभियंते आणि मद्रासचा एक सरकारी कारखाना यांनी मिळून १९७० च्या दशकाच्या मध्यास 'इंडिया मार्क-२' हा हापसा सिद्ध केला. तो लाखांच्या संख्येने देशात बसला आणि परदेशांतही गेला. पण आम्हाला त्याच्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच्याबरोबर आखलेली माणसांची साखळी. गावात एक देखरेख करणारा, तालुक्याला एक मेकॅनिक आणि जिल्ह्याला दुरुस्तीची गाडी व तिचे पथक. ही साखळी जेथे नीट चालली तेथे हापसे चालले. जेथे कागदावर राहिली तेथे चांगला हापसाही वर्षभरात गंजला.

त्यातही एक उणीव उरली होती. मार्क-२ मधील आतला दट्ट्या बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागत. ते गावाच्या हातचे काम नव्हते, जिल्ह्याच्या गाडीची वाट पाहावी लागे. म्हणून १९८० च्या दशकात कोइमतूर भागातील चाचण्यांतून मार्क-३ घडवण्यात आला. त्यात पाइप रुंद केला, इतका की दट्ट्या पाइपातूनच वर खेचून घेता येईल. वायसर गावातच बदलता येऊ लागले. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात ग्रामीण स्त्रियांना, त्यांत अनेक दलित घरांतल्या, हापसा दुरुस्तीचे शिक्षण दिले गेले. पाना हातात घेतलेल्या बाईला गावाने आधी हसून घेतले आणि मग तिलाच बोलावणे धाडले. बलुतेदारीचे कुंपण तेथे मोडलेले दिसते, म्हणून ही घटना आम्हाला वरच्या सगळ्या लोखंडापेक्षा मोलाची वाटते.

कसब टिकवण्याची अडचण फक्त गरीब देशांची आहे असे मात्र कोणी समजू नये. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात एफ-१ नावाची पाच इंजिने होती. प्रत्येकाचा रेटा सुमारे १५ लाख पौंड. १९७३ नंतर हा अग्निबाण उडाला नाही. त्याचे आराखडे हरवले अशी एक आवई आहे, ती खोटी आहे. कागदपत्रे जपलेली आहेत. २०१२-१३ मध्ये नासाच्या मार्शल केंद्रातील तरुण अभियंत्यांनी संग्रहात ठेवलेले जुने एफ-१ इंजिन सुटे करून पाहिले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की प्रत्यक्ष इंजिन आणि आराखडा यांत फरक आहे. त्या काळच्या वेल्डरांनी प्रत्येक इंजिन हाताने जुळवत आणले होते. कोठे थोडे घासले, कोठे जादा जोड दिला. ते सारे त्यांच्या डोक्यात आणि बोटांत होते. चाळीस वर्षांत ती माणसे निवृत्त झाली, काही वारली. नव्या अभियंत्यांनी सुट्या भागांचे प्रकाशकिरणांनी मोजमाप घेऊन नवे नकाशे केले आणि जानेवारी २०१३ मध्ये इंजिनाचा एक भाग, वायुजनित्र, पेटवून दाखवला. वालूरच्या पायऱ्या आणि एफ-१ यांच्यात सातआठशे वर्षांचे अंतर असेल, पण दोन्हीकडे कागदावर न उतरलेला भाग हातांबरोबर गेला.

क्रायोजेनिक इंजिनाबाबत भारताने हे उलट्या बाजूने अनुभवले. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने तंत्रज्ञान देण्याचा करार मागे घेतला, फक्त तयार इंजिने दिली. तयार इंजिनावर उड्डाण झाले, पण ते करण्याची विद्या आली नाही. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचे पहिले उड्डाण एप्रिल २०१० मध्ये अयशस्वी झाले आणि यश मिळाले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. मधली वीस वर्षे वाया गेली असे म्हणता येईल, किंवा ती वर्षे म्हणजेच ती विद्या असेही म्हणता येईल. आम्ही दुसरे मत धरतो.

आता परभणीला परत येऊ, कारण या सगळ्याचे सर्वांत सोपे उदाहरण आपल्या कृषी विद्यापीठाच्या शेतात उभे आहे. १८ मे १९७२ रोजी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आज त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारी किंवा २०१८ मध्ये प्रसारित झालेली, लोह आणि जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी अनेकांना माहीत असेल. वाण एकदा शोधला की काम संपले, असे आपल्याला वाटते. पण वाण हा दगड नव्हे. ज्वारीत काही प्रमाणात परपरागीकरण होते, शेजारच्या शेतातील पराग येतो, खळ्यावर बी मिसळते, आणि काही हंगामांत वाणाचे मूळ गुण विरघळून जातात. म्हणून कोणीतरी दरवर्षी निवडक कणसांपासून मूळ बी राखतो, शेतात ओळीओळीने फिरून वेगळे दिसणारे झाड फुलोऱ्यापूर्वी उपटतो. त्यातून पैदासकार बियाणे, त्यातून पायाभूत आणि त्यातून प्रमाणित बियाणे होते. ओळीत फिरणाऱ्या त्या माणसाची नजर एक-दोन हंगाम चुकली तरी बातमी होत नाही. पिशवीवरचे नाव तेच राहते, आतले बी बदललेले असते.

अंतराळातील वसाहतीत हीच नजर लागेल, आणि चुकल्यास दुसरीकडून बी मागवता येणार नाही. मंगळाकडे यान धाडण्याची सोयीची वेळ सुमारे सव्वीस महिन्यांनी येते. पृथ्वीवरून विचारलेला प्रश्न मंगळावर पोचायला, दोन ग्रहांमधील अंतरानुसार, तीन ते बावीस मिनिटे लागतात आणि उत्तर यायला तितकीच. आज आंतरराष्ट्रीय स्थानकावर नोव्हेंबर २००० पासून सतत माणसे राहत आली आहेत, पण त्यांचा बलुतेदार जमिनीवर बसलेला आहे. बिघाड झाला की शेकडो जाणकार खालून सांगतात आणि पुढच्या यानातून सुटे भाग येतात.

बंदिस्त वसाहत चालवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेच्या ॲरिझोनात झाला. बायोस्फिअर-२ नावाच्या काचेच्या महालात २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे शिरली आणि दोन वर्षे राहिली. पैशाची किंवा यंत्रांची वाण नव्हती. तरीही हवेतला प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून घसरत साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून तो भरावा लागला. पिके जोमात यावीत म्हणून घातलेल्या सकस मातीतील जीवाणू प्राणवायू खात होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याऐवजी नव्या काँक्रीटच्या भिंती शोषत होत्या, त्यामुळे प्राणवायू परत येण्याची वाटच बंद झाली. माती जाणणारा आणि काँक्रीट जाणणारा यांनी आधी एकत्र बसून हिशेब करायला हवा होता. सुरुवातीच्याच दिवसांत भात सडण्याच्या यंत्रात एका सदस्येचे बोट सापडले आणि शस्त्रक्रियेसाठी तिला काही तास बाहेर न्यावे लागले. मंगळावर दार उघडून दवाखान्यात नेता येणार नाही.

अशा वसाहतीची माणसे हजारोंतून पारखून निवडलेली असतील यात शंका नाही. पहिल्या पिढीत वेल्डर, पाणी शुद्ध करणारे, बी राखणारे, दातांचे डॉक्टर सगळे असतील. पण त्यांना मुले होतील, आणि ती कोणी निवडलेली नसतील. ती आपल्या वर्गातल्या मुलांसारखीच असतील. कोणी हुशार, कोणी खोडकर, कोणाला गणिताचा कंटाळा. त्यांतूनच पुढचा वेल्डर आणि पुढची बी राखणारी निघायला हवी. वसाहतीचे यान कोण बनवतो याची चर्चा रोज वाचायला मिळते. तेथील शाळेबद्दल कोणी काही लिहिलेले आमच्या फारसे पाहण्यात नाही.

आपल्या शाळेपुरता एक उपक्रम सुचवतो. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी गावातील पाण्याच्या सोयींची यादी करावी. हापसा, नळयोजनेची मोटार, कालव्याचे दार, जुनी विहीर, जे असेल ते. प्रत्येकापुढे तीन रकाने आखावेत: हे कोणी बांधले, आज कोण दुरुस्त करतो, त्याच्याकडून सध्या कोण शिकत आहे. एका खेड्यातील शाळेने हे केले तेव्हा पहिला रकाना भरायला आजोबांची मदत लागली. दुसऱ्यात जवळजवळ सगळीकडे एकाच मेकॅनिकचे नाव आले. तिसरा रिकामा होता. मुलांनी त्या मेकॅनिकलाच शाळेत बोलावले. त्यांनी येताना जुने फाटलेले आणि नवे असे दोन वायसर आणले, वर्गात फिरवले, आणि पुढच्या वेळी हापसा उघडीन तेव्हा चौघांनी सकाळी सातला या, असे सांगितले. आल्या तिघी मुली आणि एक मुलगा.